घन आणि फासा

‘घन’ हा शब्द मराठीत मोठा सोयीचा आहे. एखादी संख्या तीनदा मांडून गुणली की येतो तो घन. आणि सहा सारख्या बाजूंचा ठोकळा, तोही घनच. सारीपाटाचा फासा लांबट असतो खरा, पण मुलांच्या सापशिडीतला फासा म्हणजे नेमका घन. एका नावाची ही दोन भावंडे स्वभावाने किती भिन्न आहेत, हे आम्हांला बदली होऊन बंगळूरला आल्यावर कळले. आणि तेही आठवीतल्या मुलीच्या गृहपाठामुळे.

प्रश्न असा होता : दोन फासे एकदम टाकले असता येणारी बेरीज पूर्ण घन असण्याची संभाव्यता किती? पुस्तकात फाशाला ‘नंबर क्यूब’ असे सोज्वळ नाव दिले होते. कोवळ्या मनांना जुगाराचा वारा लागू नये, हा हेतू असावा. आमचे उभे आयुष्य हिशेब तपासण्यात गेलेले. आम्ही ताबडतोब सांगितले, ‘बेरजा 2 पासून 12 पर्यंत, म्हणजे अकरा. त्यांत पूर्ण घन एकच, 8. म्हणून अकरांत एक.’

मुलीने काही न बोलता वहीत सहा उभी आणि सहा आडवी घरे आखली. त्या 36 घरांत 8 ही बेरीज पाच ठिकाणी निघाली : 2 व 6, 3 व 5, 4 व 4, 5 व 3, 6 व 2. ‘बाबा, 2 एकाच घरात येतात आणि 7 सहा घरांत. तुम्ही सगळ्यांना सारखं कसं धरलंत?’ उत्तर होते 36 तून 5, म्हणजे सुमारे सातांत एक. हिशेबतपासनिसाची चूक घरातच निघाली, याचे आम्हांला वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते तिच्या पुढच्या प्रश्नाने.

‘समजा, दहा वेळा टाकूनही 8 आले नाहीत, तर अकराव्या वेळी शक्यता वाढेल ना?’

‘वाढणारच,’ हे शब्द आमच्या ओठांवर आले आणि तेथेच थांबले. याच समजुतीवर आम्ही एकदा एक वचन देऊन बसलो होतो.

आमच्या पहिल्या तीन नेमणुका गुवाहाटी, भुवनेश्वर आणि भोपाळ येथे झाल्या. आई साताऱ्यास एकटी. भोपाळहून आम्ही तिला लिहिले, की तीन खेपा दूरच्या झाल्या, आता चौथी जवळचीच असणार. ‘इकडे ये’ असा आग्रह केला, तेव्हा ती म्हणाली, ‘आता तूच येतोयस ना? मग मी कशाला घर मोडू?’ तिने माडीवरची खोली झाडून, सारवून ठेवली. हुकूम आला तो बंगळूरचा. पुढच्या आषाढात ती गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा खोली तशीच मांडलेली होती.

बदली हा काही फासा नव्हे. तेथे नियम असतात, रिक्त जागा असतात, कोणाची तरी सोय-गैरसोय असते. पण ‘इतके वाईट दान पडले, आता चांगले पडलेच पाहिजे’ हा हिशेब मात्र आमचाच होता, आणि तो चुकीचा होता. फाशाला मागचे दान आठवत नाही. दहा वेळा 8 चुकले तरी अकराव्या वेळी 36 तून 5 च. 1913 साली माँटे कार्लोच्या जुगारगृहात चक्रावर काळा रंग लागोपाठ 26 वेळा आला. आता लाल येणारच, म्हणून लोक दर खेपेस पैसे लावीत राहिले आणि बुडत राहिले. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांला नाही.

दुसऱ्या घनाची गोष्ट निराळी. शकुंतलादेवी याच बंगळुरात 1929 साली जन्मल्या आणि 2013 साली येथेच वारल्या. वडील सर्कशीतले, शाळा जवळजवळ नाहीच. 1988 साली आर्थर जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने त्यांना 6,16,29,875 चे घनमूळ विचारले, आणि संख्या वहीत उतरवून होण्यापूर्वीच त्यांनी 395 असे सांगितले. तेवढी झेप आपली नव्हे. पण दोन अंकी मूळ कोणालाही काढता येते. 1,75,616 हा पूर्ण घन घ्या. शेवटी 6 आहे, म्हणून मुळाच्या शेवटी 6. शेवटचे तीन अंक सोडा. उरलेले 175 हे 5 च्या घनाहून, म्हणजे 125 हून, मोठे आणि 6 च्या घनाहून, म्हणजे 216 हून, लहान. म्हणून आधी 5. मूळ 56. शेवटी 2 असतील तर मुळात 8, 8 असतील तर 2. 3 असतील तर 7, 7 असतील तर 3. बाकीचे अंक जसेच्या तसे. वर्गसंख्येत ही खूण मिळत नाही. तेथे 1 चा आणि 9 चा वर्ग एकाच अंकाने संपतो. घन मात्र कितीही फुगला तरी शेवटच्या अंकात आपले मूळ बाळगून असतो.

मुलीला हा खेळ फार आवडला. ती रोज एक घन देते आणि आम्ही मूळ सांगतो. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला या खेळात थोडा दिलासा वाटतो, हे आम्ही तिला सांगितलेले नाही.

तिच्या त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही त्याच संध्याकाळी दिले : ‘नाही, वाढत नाही.’ आता पुन्हा बदलीचे वर्ष आले आहे. ‘या खेपेस जवळ मिळेल ना?’ असे कोणी विचारले, की आम्ही म्हणतो, ‘सांगता येत नाही.’ एवढेच आईला लिहिले असते, तर तिने खोली सारवली नसती. कदाचित घराला कुलूप लावून ती भोपाळची गाडी धरती.