जेमतेम

इंग्रजीच्या तासाला ‘हार्डली’ आला की अर्धा वर्ग हसतो नि अर्धा गोंधळतो. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो खूप राबतो; पण ‘ही हार्डली वर्क्स’ म्हटले की तोच गडी इकडची काडी तिकडे करीत नाही! एवढ्याशा ‘ली’ने कष्टाळूचा आळशी होतो.

शब्दाची कुळकथा पाहिली की कोडे सुटते. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘कठोरपणे’ असा होता. त्यावरून ‘मोठ्या कष्टाने’ हा अर्थ आला. आणि जे मोठ्या कष्टाने होते ते जवळजवळ होतच नाही, असे म्हणत शब्द नकाराच्या घरात जाऊन बसला. म्हणूनच त्याच्या जोडीला ‘नॉट’ चालत नाही. ‘स्केअर्सली’ हा त्याचा भाऊबंद. त्याचे मूळ ‘वेचून काढणे’ अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. ‘बेअर्ली’ मात्र ‘बेअर’पासून, म्हणजे उघड्यावरून आला. तोही कमतरताच सांगतो, पण त्याचा कल होकाराकडे.

मराठीत यासाठी ‘जेमतेम’ आहे. आमच्या लकडगंजात तो दिवसभर कानावर पडतो. आरामशीनवर ओंडका चिरताना पात्याच्या जाडीइतके लाकूड भुशात जाते. तेवढे जाऊनही चौकट निघाली, की मिस्त्री म्हणतो, “जेमतेम बसली!” वखारीतल्या गुजराती शेठजींच्या भाषेतही ‘जेमतेम’ आहे. ‘जेम’ म्हणजे जसे, ‘तेम’ म्हणजे तसे. दोन्ही मिळून ‘कसेबसे’.

गेल्या वर्षी फी-सवलतीचा अर्ज मी इंग्रजीत लिहीत होतो. वडील आरामशीनवर कामाला. त्यांचा पगार घराला ‘हार्डली’ पुरतो, असे लिहावे, हा एका मित्राचा सल्ला. वडिलांनी अर्थ विचारला. “जवळजवळ पुरतच नाही,” मी सांगितले. ते म्हणाले, “पुरत नाही कायले लिहितं रे? पुरते ना, जेमतेम!”

मी ‘बेअर्ली’ लिहिले.

मित्रहो, शब्दकोशात हे दोन्ही शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले आढळतात. पण एक शब्द काय कमी पडले ते मोजतो, दुसरा कुठवर पोचलो ते. महिनाअखेरीस पाच जणांचे पान वाढणाऱ्या घराला हा फरक बारीक वाटत नाही.