पाण्याचा डाग

बाबा पुस्तक वाचत नसत, कागद वाचत. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात बांबूचे तुकडे करणाऱ्या यंत्रावर त्यांची पाळी असे. घरात नवं पुस्तक आलं की एक पान चिमटीत धरून चोळायचे, उजेडासमोर धरायचे आणि म्हणायचे, "बांबू आहे यात." खरं-खोटं तेच जाणोत. पण आलापल्ली-एटापल्लीकडून बांबू लादलेले ट्रक रोज गावात शिरायचे, त्यामुळे पुस्तक जंगलातून येतं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

१९९१ साली शिक्षिका म्हणून भामरागडला गेले. ट्रंकेत शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' कादंबरी होती. सुरुवातीची बरीच पानं उधईने खाल्लेली, त्यामुळे कर्ण मला भेटला तोच चांगला मोठा झालेला. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की आलापल्लीचा रस्ता बंद. टपाल नाही, भाजी नाही, वीज तर आधीच गेलेली. रोज किती वाचायचं ते कंदिलातलं रॉकेल ठरवायचं. उजव्या हाताकडची पानं कमी होऊ लागली की मी मुद्दाम रेंगाळत वाचायची. पूर ओसरायच्या आत कर्ण संपला तर मग करायचं काय?

आता चंद्रपुरात असते आणि फोनवरही वाचते. उगाच नाक मुरडत नाही. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, उधईची भीती नाही. विश्वकोशाचे खंड मांडायला माझ्या घरात भिंत नव्हती, ते आता पर्समध्ये मावतात. पण सहाशे पानांची एक कादंबरी फोनवर तीनदा धरली आणि तीनदा सोडली. कंटाळा आला नव्हता. आपण कुठे आहोत तेच उमगत नव्हतं. भामरागडची माडिया पोरं मला रानातून न्यायची तेव्हा वाकडा मोह, फुटकं वारूळ, नाल्याचं वळण अशा खुणांनी चालायची. मलाही कुंतीचं एखादं बोलणं डाव्या पानावर, अगदी तळाशी, असंच सापडतं. फोनवर सगळी पानं एकाच जागी उगवतात आणि तिथेच मावळतात.

२०१८ साली काही संशोधकांनी ५४ अभ्यास एकत्र तपासले. माहितीचा मजकूर कागदावर जास्त समजतो, गोष्टीत मात्र फरक दिसत नाही, असं त्यांना आढळलं. माझं नेमकं उलटं. शासनाचे जीआर मी फोनवर वाचते, काही बिघडत नाही.

बांबूचीच एक गोष्ट बाबांना सांगायची राहिली. २०११ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकायचा परवाना मिळवला. बाबा असते तर त्यांनी पान चोळून विचारलं असतं, "हा कोणत्या गावचा?"

परवा मुलगी फोनवर 'मृत्युंजय' वाचत होती.

"कुठलोक आली गं?"

"बासष्ट टक्के."

"अगं, पण शोणाचा भाग सुरू झाला का?"

तिने नुसतेच खांदे उडवले. मी ट्रंक उघडून कडुनिंबाच्या पाल्यातून माझी प्रत काढली. तिने ती हातावर तोलली, मग मधेच उघडली. तिथून पुढे कितीतरी पानांच्या कडेला तपकिरी डाग उतरत गेलेला.

"आई, पुराचं पाणी इथवर आलं होतं?"

"नाही गं," मी म्हटलं, "छप्पर गळत होतं."