जे.जे.च्या आवारात

भायखळा स्टेशनवर उतरून नागपाड्याच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात जे.जे. रुग्णालयाचं आवार लागतं. मोहम्मद अली रोडवरून येणाऱ्यांच्या डोक्यावर लांबलचक उड्डाणपूल असतो. सारी मुंबई त्याला जे.जे. फ्लायओव्हर म्हणते. त्याचं सरकारी नाव मात्र माहीमच्या मखदूम अली माहिमींचं, कुतुब-ए-कोकण असं आहे. पुलाखाली अत्तर, टोप्या, खजूर आणि कपड्यांची दुकानं. पुढे फाटकातून आत गेलं की जुनी झाडं, मोठमोठ्या इमारती आणि हातात फायली घेऊन चाललेली माणसं. जालना, बीड, नंदुरबार, रत्नागिरी. अर्धा महाराष्ट्र इथे भेटतो.

आम्ही खेडहून कोकण रेल्वेने आलो होतो, आमच्या खालाला घेऊन. वय बावन्न. दोन वर्षांपासून जिना चढताना धाप लागायची, रात्री उशा रचून बसल्या बसल्या झोपायची. गावाकडे दम्याची औषधं चालू होती, पंप चालू होता, फरक पडत नव्हता. शेवटी एका ठिकाणी तपासणी झाली आणि कळलं की हृदयाची एक झडप आकसली आहे, ऑपरेशन लागेल. खासगी इस्पितळाने खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा खालूंनी आंब्याची कलमं विकायची तयारी केली. जे.जे.चं नाव निघालं तसे घरात दोन तट पडले. "सरकारी दवाखान्यात कोण बघतं? तिथे शिकाऊ पोरं हात लावतात," असं वडीलधारी म्हणत होती. हे आपल्या बऱ्याच घरांत म्हटलं जातं, म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

या दवाखान्याची गोष्ट शिकण्यापासूनच सुरू होते. १८२६ साली मुंबईत देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी एक शाळा निघाली होती. ती १८३२ मध्ये बंद पडली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी पुन्हा वैद्यकीय महाविद्यालयाचा आग्रह धरला. १८३८ मध्ये त्यांचं निधन झालं, आणि कॉलेजला त्यांचं नाव मिळालं. पण रुग्णालयावाचून डॉक्टर घडणार कसे? तेव्हा जमशेटजी जीजीभॉय पुढे आले. ऐन पोरवयात आईबाप गेलेला हा पारशी मुलगा मुंबईत रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यातून वर आला आणि चीनच्या व्यापारात अमाप श्रीमंत झाला. तो व्यापार कापसाचा होता तसाच अफूचाही होता, हे लपवायचं कारण नाही. त्यांच्या भागीदारांत मोतीचंद अमीचंद हे जैन व्यापारी होते आणि मोहम्मद अली रोघे हे आपले कोकणी मुसलमानही होते. जमशेटजींनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले, कंपनी सरकारनेही तेवढेच घालावेत या बोलीवर. १८४३ मध्ये पाया घातला गेला आणि १८४५ मध्ये रुग्णालय व ग्रँट मेडिकल कॉलेज दोन्ही सुरू झाली.

१८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. त्यात होते भाऊ दाजी लाड, ज्यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे, आणि पुढे प्रार्थना समाज स्थापन करणारे आत्माराम पांडुरंग. जगभरचे विद्यार्थी ज्यावरून शरीररचना शिकतात त्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’ची चित्रं काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर यांनीही याच कॉलेजात शिकवलं.

१८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाल्याचं ज्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं, ते इथेच शिकलेले. मग हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर जवळच्या भायखळा तुरुंगात स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

इतिहासाचं एक काळं पानही आहे. १९८६ च्या जानेवारीत भेसळ असलेलं ग्लिसरॉल दिलं गेल्यामुळे इथे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली आणि औषधखरेदीपासून औषध नियंत्रणापर्यंत कुठे कुठे पाणी मुरतं ते उघड्यावर मांडलं. सार्वजनिक दवाखान्याचा हिशेब असा चारचौघांत मागता येतो. तो मागत राहणं हेही आपलं काम आहे.

आता वॉर्डातलं सांगतो. सकाळी राउंड यायचा. पुढे प्राध्यापक, मागे निवासी डॉक्टर, त्यामागे विद्यार्थ्यांचा घोळका. राउंडच्या आधी विद्यार्थी एकेका खाटेशी बसून रुग्णाची ‘हिस्टरी’ घेत. खालाने आपली कहाणी चार जणांना सांगितली आणि वैतागली. "तेच तेच किती वेळा विचारता, पोरांनो?" पाचवी मुलगी आली ती बीडकडची, हातात वही. तिने धापेचं विचारलंच नाही. तिने विचारलं, "मावशी, लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का?"

खाला गप्प झाली. मग म्हणाली, आठ-नऊ वर्षांची असताना घसा धरला होता, मग गुडघे सुजले, महिनाभर मदरशात जाता आलं नव्हतं. अम्मीने तेल लावून शेकलं होतं. घरात कुणालाच हे ठाऊक नव्हतं.

राउंडला त्या मुलीने हे सांगितलं, तेव्हा सरांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. लहान मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने बिघडला आणि नीट इलाज झाला नाही, तर काहींना संधिवाताचा ताप येतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपेला इजा होऊन राहते आणि ती वीस-तीस वर्षांनी धाप बनून समोर येते. घसा दुखण्यावर वेळेवर औषध आणि ताप येऊन गेलेल्या मुलांना वर्षानुवर्षं ठरावीक दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, एवढ्याने हे टळतं. आयाबहिणींनी हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सरांनी खालाची परवानगी घेतली. मग एकेका विद्यार्थ्याने तिच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून तो आवाज ऐकला. पडदा लावलेला, शेजारी सिस्टर उभ्या. खाला संध्याकाळी म्हणाली, "मी कधी शाळेत गेले नाही. आज माझ्यावरून बारा पोरं शिकली."

शिकाऊ पोरांची भीती घालणाऱ्यांना आम्ही आता हेच सांगतो. शिकाऊंना वेळ असतो, ते ऐकतात. आणि त्यांच्या पाठीशी उभे असलेले तज्ज्ञ एरवी आपल्या खिशाला परवडणारे नसतात.

ऑपरेशन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं, कलमं जागेवर राहिली. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड मूळ प्रतींसह जवळ हवं. योजनेच्या काउंटरवर ‘आरोग्यमित्र’ बसतात, आधी त्यांना भेटावं. नावाचं स्पेलिंग दोन्ही कार्डांवर सारखं आहे का, हे घरीच तपासून घ्या. आपल्याकडे शेख, बी आणि बेगम यांत फार घोटाळे असतात. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून आणा. योजनेत न बसणाऱ्या खर्चाची अडचण असेल तर समाजसेवा विभाग आहे. ओपीडीसाठी सकाळी लवकर या. इथे सुमारे साडेतेराशे खाटा आहेत, तरी गर्दी त्याहून मोठी असते. धीर धरावा लागतो.

सोबतच्यांच्या राहण्याचा प्रश्न सर्वांत अवघड. आम्हाला डोंगरीतल्या गावच्या जमातीच्या खोलीने तारलं. जहाजावर जाणाऱ्या आपल्या चाकरमान्यांसाठी जुन्या लोकांनी या खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. ज्या जमातींकडे त्या अजून आहेत, त्यांनी एक कोपरा रुग्णांच्या नातेवाइकांसाठी राखला तर मोठा सवाब मिळेल. आवारातच जे.जे. महानगर रक्तपेढी आहे. मुंबईत कामाला येणाऱ्या तरुणांनी वर्षातून एकदा तिथे जाऊन यावं.

खालाला आता रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते आणि ठरल्या वेळी रक्त तपासावं लागतं, ते आयुष्यभर. पण ती आडवी झोपते. जमशेटजींच्या लाख रुपयांतला एखादा रुपया तिच्याही वाट्याला आला, असं आम्ही मानतो. आणि बीडकडची ती मुलगी उद्या एखाद्या तालुक्याच्या गावी बसेल, घसा दुखतोय म्हणून आलेल्या मुलाला तपासेल, तेव्हा तिच्या कानात खालाच्या छातीतला तो आवाज असेल. असा हा दवाखाना पावणेदोनशेहून जास्त वर्षं चालत आला आहे. तो चांगला चालावा, ही दुआ करावी आणि त्यासाठी हातभारही लावावा.