रात्री अकराचे रक्त

उपनगरांतील खासगी प्रयोगशाळांचा दिवस सकाळी सातच्या सुमारास, उपाशीपोटी दिल्या जाणाऱ्या नमुन्यांनी सुरू होतो आणि रात्री नऊ-साडेनऊला शटर खाली येते. हत्तीरोगाच्या कृमीसाठीची मूळ रक्तचाचणी नेमकी या वेळापत्रकाबाहेर पडते. हत्तीरोगाला बहुतांशी कारणीभूत असलेला वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा दोऱ्यासारखा कृमी लसीकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातील पेशींभोवतीचा द्रव पुन्हा रक्ताकडे नेणाऱ्या बारीक नळ्यांत, वर्षानुवर्षे राहतो, आणि त्याची मादी ज्या असंख्य सूक्ष्म पिल्लांना जन्म देते त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. ही पिल्ले दिवसा मुख्यतः फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत थांबतात आणि रात्री, साधारणपणे दहा ते दोनच्या दरम्यान, त्वचेजवळच्या रक्तात उतरतात. नाले आणि तुंबलेली गटारे यांत वाढणाऱ्या क्युलेक्स डासाची चावण्याची वेळही तीच असते. टिमथी लुईस यांनी 1872 मध्ये कोलकात्यात माणसाच्या रक्तात ही पिल्ले पाहिली, पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये काम करताना डासाशी आणि रात्रीशी त्यांचे असलेले नाते दाखवले, आणि 1881 मध्ये लंडनच्या स्टीफन मॅकेन्झी यांनी एका रुग्णाची झोप दिवसाकडे वळवली तेव्हा पिल्लांचे वेळापत्रकही उलटल्याचे दिसून आले. म्हणूनच अंधेरीच्या सीप्झसारख्या भागात कायम रात्रपाळी करणाऱ्या माणसाचे रक्त मध्यरात्री काढण्यापूर्वी तो झोपतो केव्हा, हे विचारणे अत्यावश्यक ठरते.

नोकरीच्या निमित्ताने अनेक वर्षे चंद्रपूर जिल्ह्यात काढून मुलुंडला बदलून आलेल्या प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत या चाचणीचा प्रश्न उद्भवला, तो पाय सुजल्यामुळे नव्हे, तर खोकल्यामुळे. चंद्रपूरसह विदर्भातील बरेच जिल्हे हत्तीरोगग्रस्त म्हणून नोंदलेले आहेत. परंतु मध्यरात्रीनंतर उफाळणारा खोकला, छातीतली घरघर, उतरलेले वजन आणि क्ष-किरण चित्रातील दोन्ही फुप्फुसांवरचे बारीक ठिपके एवढ्या सामग्रीवर मुंबईत आधी दम्याचा आणि मग क्षयाचा संशय घेतला जावा, हे स्वाभाविकच होते. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत. दिशा बदलली ती साध्या रक्तगणनेने: इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी, ज्या ॲलर्जीत आणि कृमींच्या संसर्गात वाढतात, निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला पाचशेच्या आत असतात, त्या येथे 9,000 च्या वर गेल्या होत्या. सोसायटीच्या जिन्यात ‘इस्नोफिलिया वाढलाय’ हे वाक्य सर्दी-शिंकांबद्दलही ऐकू येते, पण एवढा आकडा वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवतो.

रात्र चिकित्सालय, म्हणजे हत्तीरोग पथकाचे रात्री रक्तनमुने घेणारे केंद्र, ज्या गावांत नेमाने चालते तेथे पुढची पायरी सोपी असते. येथे त्यासाठी एका तंत्रज्ञाला विनंती करावी लागली, आणि तो रात्री अकरा वाजून गेल्यावर घरी आला. त्याने बोटाला सुई टोचली, पहिला थेंब पुसला, पुढच्या थेंबांचा जाड थर काचपट्टीवर पसरला आणि जेवणाच्या टेबलावर ती पट्टी आडवी ठेवून, पंख्याचा वेग कमी करून, तो थर वाळेपर्यंत शेजारी बसून राहिला, कारण वाळत्या रक्ताला मुंग्या आणि झुरळे लागतात. अशी पट्टी नंतर पाण्यात बुडवून तांबड्या पेशींचा रंग काढून टाकतात आणि मग ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पिल्लू असल्यास त्याच्याभोवतीचे तलम आवरण आणि शेपटीच्या टोकाशी केंद्रकांचा अभाव यांवरून जात ओळखता येते. या पट्टीवर एकही पिल्लू नव्हते.

बहुतेकांची गल्लत येथेच होते. पट्टी रिकामी म्हणजे कृमी नाही, हा निष्कर्ष या विशिष्ट आजाराला लागू पडत नाही. वाइनगार्टन यांनी 1943 मध्ये ज्याला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव दिले त्या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती पिल्लांवर इतक्या तीव्रतेने तुटून पडते की ती फुप्फुसांतच अडकून नष्ट होतात आणि बोटाच्या रक्तापर्यंत पोहोचतच नाहीत. खोकला हा त्या झुंजीचाच परिणाम असतो. अशा वेळी कृमीचा शोध थांबवून शरीराने कृमीविरुद्ध काय तयार केले आहे ते शोधावे लागते. प्रतिपिंड म्हणजे शरीराने घुसखोराविरुद्ध बनवलेली प्रथिने, तर प्रतिजन म्हणजे घुसखोराचे स्वतःचे प्रथिन. फायलेरियाच्या या दोन्ही खुणा रक्तात शोधण्याच्या एलायझा पद्धतीवर सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ काम केले, हे महाराष्ट्राच्या वाचकाला ठाऊक असायला हवे. प्रतिजनाची पट्टीचाचणी दिवसाही करता येते. प्रतिपिंडांचे मोल मात्र माणूस कोठला यावर ठरते: लंडनहून येऊन आजारी पडलेल्या प्रवाशात ते आढळले तर त्याला मोठा अर्थ असतो, पण हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यात राहिलेल्या माणसात ते जुन्या, मिटलेल्या संसर्गाचेही असू शकतात, शिवाय दुसऱ्या जंतांच्या प्रतिपिंडांमुळेही चाचणी फसते. म्हणून निदान एका अहवालावर होत नाही. राहिलेला प्रदेश, रात्रीचा खोकला, 3,000 च्या वर गेलेले इओसिनोफिल, वाढलेले आयजीई, म्हणजे ॲलर्जीत आणि कृमींच्या संसर्गात वाढणारे प्रतिपिंड, फायलेरियाविरुद्धचे प्रतिपिंड आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद ही सर्व एकत्र वाचावी लागतात.

डायइथिलकार्बामाझिन हे सामूहिक औषधोपचार मोहिमेत वाटले जाणारेच औषध येथे सामान्यतः तीन आठवडे देतात, आणि खोकला त्यापूर्वीच उतरू लागला. रक्त तपासण्याआधी दम्याच्या संशयावरून स्टिरॉइड सुरू झाले असते तर इओसिनोफिल खाली येऊन सर्वांत बोलका पुरावाच पुसला गेला असता, आणि आतड्यात स्ट्राँगिलॉइडिस हा दुसरा कृमी दडलेला असता तर तो स्टिरॉइडमुळे शरीरभर पसरून जिवावर बेतले असते. दीर्घ खोकल्याच्या रुग्णाला स्टिरॉइड लिहिण्यापूर्वी साधी रक्तगणना करून घ्यावी, हा आग्रह त्यामुळे धरावासा वाटतो. काही रुग्णांत हा विकार उलटतो, आणि उपचार लांबल्यास फुप्फुसे कायमची कडक होऊ शकतात. म्हणून गोळ्या संपल्यानंतरही इओसिनोफिलची गणना ठरावीक काळाने करावी लागते, आणि ती सकाळी सातच्या नमुन्यावर होते.