दंडाची पाटी

भंडारा

चि. पोरी,


तुझ्या शिकवणीच्या खोलीचा फोटो मिळाला. चष्मा लावून, मोठा करून पाहिला. खोली ऐसपैस आहे, सतरंजीही ओळखली (आईकडून नेलीस ना? विचारलंस का तिला?). आणि फळ्याच्या वर ती पाटी: वर्गात मराठी बोलल्यास पाच रुपये दंड.

तू विचारलं होतंस एवढंच, की चौथी-पाचवीच्या पोरांना व्याकरणाचं कोणतं पुस्तक लावू. ते सांगते. पण आधी ती पाटी उतरव. लाखनीत राहून तुला हे सुचलं तरी कसं? तुझी आजी असती तर तुला ओट्यावरूनच परत पाठवलं असतं. आणि पाच रुपये पोरांनी आणायचे कुठून? त्यांच्या माया रोवणीला जातात, दिवसभर चिखलात वाकून असतात, तेव्हा कुठे तुझी फी निघते.

अगं, तुझ्याकडे येताना ते मूल घरची बोली तेवढी घेऊन येतं. 'पाणी'ला 'पानी' म्हणतं म्हणून शाळेत आधीच हसं होतं त्याचं. साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांनी या झाडीबोलीसाठी उभं आयुष्य घातलं, आणि आपलीच पोरगी तिच्यावर दंड बसवते! मूल इंग्रजी वाक्य खडाखडा वाचेल, पण त्यात काय लिहिलंय ते तुला सांगणार कशात? इंग्रजीत सांगता आलं असतं तर शिकवणी लावली कशाला असती?

माझं म्हणणं तुला तोंडपाठ आहे, तरी पुन्हा ऐक. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि त्यात काय होतं ते आपल्या बोलीत सांगायचं. घरी गेल्यावर तोच धडा आजीला वाचून दाखवायचा. आजीला इंग्रजी येत नाही हे उत्तमच, कारण ती 'म्हंजे का रे?' असं विचारल्याशिवाय राहत नाही. तुझ्या कोणत्याही चाचणीपेक्षा हा प्रश्न कठीण. 'असर' या शिक्षण-पाहणीची माणसं गावोगावी मुलांना इंग्रजी वाचायला देतात, तीसुद्धा वाचून झाल्यावर अर्थ विचारतात. त्यांच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या खेड्यांमधल्या पाचवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्यं वाचता येणारी निघाली २४.५ टक्के. २०१६ साली २४.७ होती. आम्हाला ए-बी-सी-डी भेटली पाचवीत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तेव्हा मला कोण आनंद झाला होता! पुढे बाजारात गाईडं मात्र वाढली.

मोहाडीच्या दादाची वही आठवते? प्रत्येक इंग्रजी ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीनं देवनागरी उच्चार. वाचायचा अगदी रेडिओसारखा, पण नजर कायम वरच्या ओळीवर. सुरुवातीला तुझी पोरंही तसं लिहू देत बापडी, मात्र धडा दुसऱ्यांदा वाचताना ते खोडायला लाव. आणि अक्षरांची नावं घोकून घेण्याआधी त्यांचे आवाज ऐकव. 'सी-ए-टी' म्हणत बसलेल्या मुलाला 'कॅट' कुठून आलं ते कळत नाही. आपल्या 'क'चं नाव 'क' आणि आवाजही 'क'. त्याला वाटतं सगळीकडे असंच असणार.

लिहिण्याचं तर विचारूच नकोस. निबंध म्हटला की समुद्रकिनारा! वैनगंगेच्या जिल्ह्यातली पोरं, समुद्र कुणी पाहिला नाही, आणि सगळ्यांच्या वह्यांत लाटा त्याच, वाळूही तीच. त्यापेक्षा 'माय मदर फील्ड गो' असं एखाद्यानं स्वतःच्या मनानं लिहिलं तर लाल पेन खाली ठेव. क्रियापद शेवटी टाकलंय त्यानं, घरी बोलतो तसं. ते उचलून मधे आणायला शिकव, वर 'टु द' कुठे येतं ते दाखव, की झालं तुझं व्याकरण. ते वाक्य त्याचं आहे. किनाऱ्यावरचं एकही त्याचं नव्हतं.

आता पुस्तक. मुलांना कोणतंच नको. तू मात्र तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुन्हा काढ. मराठी वाक्याचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी, असं करत आमच्या आधीच्या पिढ्या शिकल्या. कुणी दंड नाही घेतला त्यांच्याकडून. बाबांची प्रत माझ्या पेटीत आहे, पानं सुटलीत, जपून वापर.

आणखी एक, ते मला झोपू देत नाही. संध्याकाळची मोठ्या मुलांची बॅच जावईबापू घेतात असं तू सहज लिहून गेलीस. ते शाळेवर शिक्षक आहेत ना गं? शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमात शिक्षकाला खासगी शिकवणीची सरळ मनाई आहे. पैसे घेत नाही, बायकोला मदत करतो, ही सबब कुणी तक्रार केल्यावर किती टिकेल? आणि तक्रार करणारा लांबचा नसतोच. घराचा हप्ता त्यांच्या पगारावर चालतो. त्यांना आधी त्यातून काढ, चार मुलं कमी झाली तरी चालेल. पावसाळ्यात लवकर अंधारतं, महामार्गाच्या कडेनं सायकलीवर येणाऱ्या त्या मुलीही संध्याकाळच्याच बॅचला आहेत का? त्यांना सकाळी बोलावता येईल का बघ, आणि काय ठरलं ते लगेच कळव. फोन नको, तू फोनवर सगळ्याला हो म्हणतेस.

तुझी
आत्या