सिम्युलेटरमधली शांतता

कॉग्निटिव्ह रेडिओ म्हणजे काय? एसटीत कुणीतरी रुमाल टाकून सीट धरलीय, पण रुमालवाल्याचा पत्ताच नाही. तोवर आपण बसायचं, आणि तो आला की मुकाट उठायचं! रुमालवाला म्हणजे लायसन्सवाला, उदाहरणार्थ टीव्ही केंद्र. जोसेफ मिटोला यांनी १९९९ मध्ये हे नाव रूढ केलं.

आता हे तपासणार कसं? खऱ्या टीव्ही चॅनेलवर प्रयोग करायला परवानगी लागते. मग एनएस-३ नाहीतर मॅटलॅब. चार नोड्स, एक चॅनेल, रात्री रन लावली की सकाळी झकास ग्राफ तयार.

पण इथेच तर गोम आहे. चॅनेल मोकळा आहे का, हे साधा रेडिओ तिथली ऊर्जा मोजून ठरवतो. नॉइजपेक्षा जास्त भरली, की कुणीतरी बोलतंय. म्हणजे नॉइज किती हे आधी ठाऊक हवं. सिम्युलेटरमध्ये तो आपणच लिहिलेला असतो, एका ओळीत, कॉन्स्टंट म्हणून! त्यामुळे सिग्नल कितीही क्षीण असो, जास्त वेळ ऐकलं की सापडतोच. खऱ्या रिसीव्हरचा नॉइज मात्र तापमानाबरोबरही बदलतो. राहुल टंड्रा आणि अनंत सहाय यांनी २००८ मध्ये दाखवलं, की नॉइजच्या अंदाजात १ डेसिबलची जरी अनिश्चितता असली, तर साधारण उणे ३.३ डेसिबलच्या खालचा सिग्नल ऊर्जा मोजून सापडतच नाही. तासभर ऐका नाहीतर जन्मभर. हीच 'एसएनआर वॉल'.

आता गंमत बघा. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफसीसीने उणे ११४ डीबीएमचा डिजिटल टीव्ही सिग्नल ओळखायची अट घातली. ६ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये निव्वळ औष्णिक नॉइजच उणे १०६ च्या आसपास. म्हणजे सिग्नल ८ डेसिबल खाली, भिंतीच्या पार पलीकडे! शेवटी २०१० मध्ये डेटाबेसला विचारून चॅनेल घेणाऱ्या उपकरणांवरची ही अट एफसीसीने काढून टाकली.

हे नुसतं पेपरांतलं भांडण नाही बरं का. आयआयटी मुंबईच्या संशोधकांना २०१४ च्या अभ्यासात ४७०-५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात देशात जवळपास सगळीकडे १५ पैकी किमान १२ चॅनेल रिकामे आढळले. पालघरजवळच्या गावात त्यावरून इंटरनेट पोचवायचा प्रयोगही झाला. रिकामी सीट ओळखण्यावर गावाचं इंटरनेट अवलंबून असेल, तर ओळखण्याची पद्धत फक्त ग्राफात चालून कसं भागेल?

म्हणून कुणी ९९ टक्के डिटेक्शनचा ग्राफ दाखवला, की मी एवढंच म्हणतो: नॉइज एका डेसिबलने हलव, आणि पुन्हा रन कर.