घरात जमतं

"घरात जमतं." डॉक्टरांसमोर मी एवढंच बोललो आणि माझी व्हीलचेअर या दोन शब्दांवर अडली. आता खुर्ची मिळाली आहे, तरी तो प्रसंग आठवला की अजून जिवाची तडफड होते.

१९५९ साली, दोन वर्षांचा असताना, साताऱ्यात मला पोलिओ झाला. आई एसटीने मुंबईला न्यायची, हाजीअलीच्या सरकारी संस्थेत कॅलिपर करून घ्यायची. पुढे शिकलो, १९८४ साली न्यू जर्सीला आलो, नोकरी केली. दर पगारातून मेडिकेअरचा, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, कर कापला गेला. पन्नाशी उलटल्यावर चांगला पायही साथ सोडू लागला आणि जन्मभर कुबड्यांवर भार घेतलेले खांदे निकामी होत गेले. पोस्ट-पोलिओ म्हणतात याला. पोलिओतून वाचलेल्या मज्जापेशी मेलेल्या पेशींचंही काम वर्षानुवर्षं ओढतात आणि शेवटी थकतात, असं मानलं जातं.

पासष्टी गाठल्यावर मेडिकेअर लागू झालं आणि २०२३ मध्ये मी पॉवर व्हीलचेअरसाठी अर्ज केला. सगळी जोडणी धरून मान्य किंमत १५ हजार डॉलरच्या आसपास. वर्षाची ठरलेली रक्कम आपण भरली की ८० टक्के मेडिकेअर देतं, उरलेले २० टक्के आपले. पैशांची तयारी मी केली होती. बोलण्याची केली नव्हती.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कसे वावरता?" मी म्हणालो, "भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत जातो. घरात जमतं." लहानपणापासून तोंडात बसलेलं उत्तर ते. शाळेचा जिना चढताना मास्तर विचारायचे, "जमतं का रे?" जमतं. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, जमतं. 'जमत नाही' म्हटलं असतं तर साताऱ्यातच राहिलो असतो. डॉक्टरांनी कौतुकाने मान डोलावली आणि टाइप केलं. मी खुशीत घरी आलो.

काही आठवड्यांनी पूर्वमंजुरी नाकारल्याचं पत्र आलं. कारण म्हणून माझंच वाक्य. रुग्ण स्वतःच्या सांगण्यानुसार घरात चालू शकतो.

ते पत्र मी किती वेळा वाचलं असेल! बाहेरचं कुणी विचारलंच नव्हतं. दुकान, वाचनालय, गणपतीत मंडळाचा हॉल, नातीची शाळा, यातलं काहीही मेडिकेअरच्या हिशेबात धरत नाहीत. खुर्ची घरात लागते का, एवढाच प्रश्न. लागते असं ठरलं तर तीच खुर्ची बाहेर खुशाल न्या. याचं मूळ १९६५ च्या मेडिकेअरच्या कायद्यात आहे. टिकाऊ उपकरणांच्या व्याख्येत 'रुग्णाच्या घरात वापरली जाणारी' असे शब्द आहेत आणि यादीत पहिलं नाव आहे आयर्न लंगचं. श्वास बंद पडलेल्या पोलिओच्या रुग्णांना ज्या लोखंडी नळकांड्यात ठेवत, ते. म्हणजे माझ्याच आजाराच्या, आडव्या पडलेल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून ही यादी केलेली. पुढे १९९० साली याच देशाने अपंगांच्या हक्कांचा कायदा केला, फुटपाथच्या कडा उतरत्या केल्या, बसना लिफ्ट बसवल्या. एक कायदा म्हणतो बाहेर या, दुसरा विचारतो बाहेर कशाला जायचंय. पासष्टीच्या माणसाला बाहेरचं जग लागत नाही, असं कुणी ठरवलं? मला हे अजूनही कळत नाही, आणि ते बदललंच पाहिजे.

मंडळातला एक मित्र म्हणाला, "अहो, सगळ्यात वाईट दिवस असतो ना, त्याचंच सांगायचं." मी त्याच्यावर चिडलो. खोटं बोलून खुर्ची नको, म्हणालो. हिने शांतपणे विचारलं, "मंगळवारी बाथरूममध्ये पडलात, ते सांगितलं होतंत?" नव्हतं सांगितलं. त्याच्या आधीच्या महिन्यातलंही नाही.

कागद सुधारून पूर्वमंजुरीसाठी कितीही वेळा पाठवता येतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. दुसऱ्या खेपेला फिजिओथेरपिस्टकडे नीट तपासणी झाली. या तपासणीची मला धास्ती होती. तिने खांद्यांची ताकद मोजली, वॉकर देऊन पाहिला, मग हाताने ढकलायच्या खुर्चीत बसवलं. पाच-सहा ढकलण्यांत उजवा खांदा थरथरायला लागला. तिने चाकावर हात ठेवून मला थांबवलं आणि पुन्हा ढकलायला सांगितलं नाही. माझं शरीर साठ वर्षं काय किमतीवर चालत होतं, ते पहिल्यांदा कुणीतरी आकड्यांत लिहून घेतलं. मला रडू आलं.

खुर्चीवाल्यांचा माणूस दारं मोजायला आला. बाथरूमचं दार २८ इंच. झोपायच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला तेलकट, काळपट पट्टा आहे, माझ्या तळहाताचा. देवघराच्या कोपऱ्यावर तर रंगाचा पोपडाच उडालाय. त्याने त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हेही लिहितो."

तुमच्यावर अशी वेळ आली तर घरचं माणूस बरोबर न्या. पडल्याच्या तारखा लिहून ठेवा. 'जाऊ शकतो' म्हणालात तर किती वेळ लागतो आणि पोचल्यावर काय होतं, तेही त्याच दमात सांगा. डॉक्टरांनी काय लिहिलंय, ते मागून वाचा. हे मी सगळ्यांना सांगतो, आणि सांगताना मनात खटकतंही. आईने 'जमत नाही' म्हणायला शिकवलं नव्हतं, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

खुर्ची आली. आसन वर उचलणारी मोटरही मिळाली. मेडिकेअरने ती देण्याचा निर्णय २०२३ च्या मे महिन्यात घेतला होता. आता वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा मी स्वतः काढतो.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सहज विचारलं, "हल्ली घरात थोडं चालता का?" पहाटे देवघरापर्यंतची सहा पावलं मी अजून भिंतीला धरूनच टाकतो. मी हिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांची बोटं कीबोर्डवर थांबली होती.